अचूक कक्षेसाठी एकच जीपीएस की अनेक प्रणाली?

पृथ्वीलगत, म्हणजे साधारण 500 ते 1,400 किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाची कक्षा सेंटिमीटरच्या घरात ठरवायची असेल, तर त्यावरचा रिसीव्हर केवळ जीपीएसचा घ्यावा की युरोपची गॅलिलिओ, रशियाची ग्लोनास आणि चीनची बायदू या उपग्रह दिशादर्शन प्रणालींचीही जोड द्यावी, हे मोहिमेच्या आखणीतच ठरवावे लागते. माझे मत स्पष्ट आहे. दुसरी प्रणाली जरूर घ्यावी आणि ती गॅलिलिओ असावी. तिसरी आणि चौथी मात्र केवळ उपलब्ध आहे म्हणून घेऊ नये.

एकट्या जीपीएसची बाजू लंगडी नाही. 1992 साली टोपेक्स-पोसायडन उपग्रहावर चाचणीसाठी बसवलेल्या रिसीव्हरने ही पद्धत सेंटिमीटरची अचूकता गाठू शकते हे दाखवून दिले आणि तेव्हापासूनचा सगळा अनुभव, सॉफ्टवेअर आणि अँटेनांची मापे (सिग्नल अँटेनेच्या नेमक्या कोणत्या बिंदूतून निघतो किंवा घेतला जातो याची मोजणी) या प्रणालीभोवतीच जमली आहेत. तिची खरी अडचण दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर येते. वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित कणांच्या थराचा, म्हणजे आयनांबराचा, सिग्नलवरील परिणाम काढून टाकण्यासाठी दोन फ्रिक्वेन्सी लागतात. पण जीपीएसच्या जुन्या उपग्रहांच्या एल-2 या दुसऱ्या लहरीवरचा, अंतर मोजण्यासाठीचा कोड लष्करी वापरासाठी गुप्त ठेवलेला असल्याने नागरी रिसीव्हरला तो आडमार्गाने मिळवावा लागतो आणि त्यात सिग्नलची ताकद बरीच घटते. नव्या उपग्रहांवर खुला एल-2सी कोड आहे, परंतु संपूर्ण ताफा अजून नवा झालेला नाही.

गॅलिलिओचे ई-1 आणि ई-5ए हे दोन्ही सिग्नल सुरुवातीपासून खुले आहेत. त्यांपैकी ई-1 ची फ्रिक्वेन्सी जीपीएसच्या एल-1 या पहिल्या लहरीइतकीच, म्हणजे 1575.42 मेगाहर्ट्झ आहे. उपग्रहांवर हायड्रोजन मेसर ही अतिशय स्थिर अणुघड्याळे आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की 2016 आणि 2017 मध्ये या उपग्रहांचे वस्तुमान, आकारमान आणि प्रयोगशाळेत मोजलेली अँटेनांची मापे जाहीर करण्यात आली. या सर्व प्रणालींच्या अचूक कक्षा आणि घड्याळे पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेच्या, म्हणजे आयजीएसच्या, जुन्या निरीक्षणांच्या तिसऱ्या पुनर्विश्लेषणात जीपीएस आणि ग्लोनासच्या अँटेनांची मूल्ये याच मापांच्या आधारे नव्याने जुळवली गेली. जीपीएसशी जोडी लावताना अशी मोजूनमापून दिलेली माहिती फार उपयोगी पडते.

या जोडीचे उत्तम उदाहरण म्हणजे 21 नोव्हेंबर 2020 रोजी सोडलेला सेंटिनल-6 मायकेल फ्रायलिक. समुद्राची पातळी मोजणाऱ्या या उपग्रहाची उंची सुमारे 1,336 किलोमीटर आहे. कक्षेतील उभी चूक समुद्राच्या मोजलेल्या उंचीत जशीच्या तशी उतरते, आणि मोजायची आहे ती वर्षाला काही मिलिमीटरने होणारी वाढ. म्हणून त्यावर जीपीएस आणि गॅलिलिओचा एकत्रित रिसीव्हर आहे, शिवाय डोरिस ही रेडिओ यंत्रणा आणि लेसर परावर्तकही आहेत.

मात्र निरीक्षणे दुप्पट झाली म्हणून चूक निम्मी होत नाही. यादृच्छिक गोंगाट तेवढा वर्गमूळाच्या नियमाने सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. वातावरणाचे घर्षण, सूर्यप्रकाशाचा दाब, अँटेनेच्या स्थानातील तफावत यांसारख्या पद्धतशीर चुका प्रणाली वाढवल्याने आपोआप जात नाहीत. दुसऱ्या प्रणालीचे खरे मोल मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. एकाच दिवसाची कक्षा एकदा फक्त जीपीएसने आणि एकदा फक्त गॅलिलिओने काढता येते, आणि या दोन्ही उत्तरांत सातत्याने एकाच दिशेला फरक दिसला, तर अँटेनेचे माप चुकले असावे हे लगेच ध्यानात येते. एकट्या जीपीएसमध्ये ती चूक वर्षानुवर्षे लपून राहू शकते.

एकत्रीकरणाची किंमतही असते. प्रत्येक प्रणालीची कालगणना वेगळी असते आणि रिसीव्हरच्या आतला विलंबही प्रणालीनुसार बदलतो. हा फरक गणितात स्वतंत्र अज्ञात राशी म्हणून मांडला नाही, तर कोडच्या अवशेषांचा, म्हणजे मोजलेल्या आणि गणिताने काढलेल्या अंतरांतील फरकांचा, आलेख दोन पट्ट्यांत फाटलेला दिसतो, जीपीएसचे ठिपके एका बाजूला आणि गॅलिलिओचे दुसऱ्या बाजूला. एक नॅनोसेकंद म्हणजे 30 सेंटिमीटर, हे लक्षात घेतले की त्या फटीचे गांभीर्य कळते. याच कारणाने उपग्रहांच्या कक्षा एका विश्लेषण केंद्राच्या आणि घड्याळे दुसऱ्याची, अशी सरमिसळ कधीही करू नये. कक्षा, घड्याळे आणि सिग्नलमधील विलंबांची मूल्ये एकाच केंद्राची असावीत.

ग्लोनासमध्ये प्रत्येक उपग्रहाची फ्रिक्वेन्सी थोडी वेगळी असल्याने रिसीव्हरमधील विलंबही चॅनलगणिक बदलतो आणि उपग्रह आणि रिसीव्हर यांच्या दरम्यानच्या पूर्ण लहरींची संख्या पूर्णांकात पक्की करणे अवघड होते. सेंटिमीटरची अचूकता तर त्या पूर्णांकांवरच उभी असते. बायदूचे मध्यम उंचीवरचे उपग्रह चांगले आहेत; भूस्थिर उपग्रहांचा येथे फारसा उपयोग नाही, कारण जमिनीवरील केंद्रांच्या दृष्टीने ते जवळजवळ हलत नाहीत आणि त्यामुळे त्यांची स्वतःची कक्षाच तितक्या अचूकपणे ठरत नाही.

भारतीय गटाला नाविक या आपल्या दिशादर्शन प्रणालीचे आकर्षण वाटणे साहजिक आहे आणि मलाही त्याचा अभिमान आहे. त्याचा एल-5 सिग्नल 1176.45 मेगाहर्ट्झचा, म्हणजे ई-5ए च्याच फ्रिक्वेन्सीवरचा असल्याने एकाच अँटेनेतून दोन्ही घेता येतात. परंतु ही प्रादेशिक प्रणाली आहे. 500 किलोमीटरवरचा उपग्रह सुमारे 95 मिनिटांत पृथ्वीभोवती फेरी मारतो आणि त्यातला मोठा भाग नाविकच्या टापूबाहेर जातो. अचूक कक्षेसाठी तिच्यावर भिस्त ठेवता येणार नाही.

कक्षा नंतर जमिनीवर काढायची असेल, तर घाई नसते. आयजीएसची अंतिम उत्पादने 12 ते 18 दिवसांनी मिळतात. उपग्रहावरच तत्काळ हवी असेल, तर गॅलिलिओचे पारडे आणखी जड होते, कारण जानेवारी 2023 पासून त्याच्या ई-6 या आणखी एका सिग्नलवरून जीपीएस आणि गॅलिलिओ या दोघांच्याही कक्षा आणि घड्याळांच्या दुरुस्त्या विनामूल्य प्रसारित होत आहेत. तेव्हा तत्काळ कक्षा हवी असणाऱ्यांनी ई-6 वाचणारा रिसीव्हर मागावा. वीज आणि डेटा यांची मर्यादा असलेल्या लहान उपग्रहाने चार प्रणालींची हाव सोडून जीपीएस आणि गॅलिलिओ यांचीच दोन-दोन फ्रिक्वेन्सींची निरीक्षणे नोंदवावीत, आणि वाचलेला खर्च उड्डाणापूर्वी उपग्रहाच्या सांगाड्यावर बसवलेल्या अवस्थेत अँटेनेचे मापन करून घेण्यावर करावा. त्यात एल-2 आणि ई-5ए या दोन्ही फ्रिक्वेन्सी आवर्जून असाव्यात.