पाहुण्या प्रशिक्षकांचे एकदिवसीय बास्केटबॉल शिबिर : एका पालकाचा अभिप्राय

न्यू जर्सीतील आमच्या गावच्या हायस्कूलने महाविद्यालयीन संघाच्या प्रशिक्षकांना बोलावून भरवलेल्या शिबिरात माझी मुलगी सहभागी झाली होती. चेंडू हातात आल्यावर कोणता पाय रोवायचा आणि वळताना तो उचलला जाऊ नये म्हणून तोल कसा सांभाळायचा, यावरच त्यांनी पहिला तास घालवला. मुलींची कुरकुर चालू असतानाही तो आटोपता घेतला नाही, हे मला विशेष आवडले. तीन गुणांची रेषा हायस्कूलमध्ये १९ फूट ९ इंचांवर, तर महाविद्यालयात २२ फूट पावणेदोन इंचांवर असते. हा फरक जमिनीवर पट्टी चिकटवून दाखवल्यामुळे पुढच्या पायरीची कल्पना मुलींना भाषणाविना आली.

आयोजन मात्र तितके नेटके नव्हते. मुलींच्या खेळासाठी २८.५ इंच परिघाचा चेंडू लागतो, तरी निम्मे चेंडू मुलांसाठीचे, म्हणजे २९.५ इंचांचे होते. नोंदणीतूनच संख्या ठाऊक असताना ही चूक सहज टाळता आली असती. जेवणात शाकाहारी मुलांसाठी केवळ चीज पिझ्झा होता (आमचा डबा कामी आला). शुल्क वाजवी होते. पुढील वर्षीही मुलीला पाठवीन, परंतु चेंडू घरचाच देईन.