टाकीच्या शिडीत ४६,००० गेले. चुंबकावर विश्वास ठेवू नका!

लिहायला लाज वाटते, पण शेजारच्या सोसायट्या तरी वाचाव्यात म्हणून लिहितोय.

कोपरखैरण्यात खाडीच्या बाजूला आमची सोसायटी आहे. गच्चीवरच्या टाकीची लोखंडी शिडी खाऱ्या हवेने सडली, म्हणून या वेळी स्टेनलेस, तेही ३०४ ग्रेडचं, असं कमिटीत ठरलं. तीन कोटेशनं आली: ७१,५००, ६८,००० आणि ४६,०००. सेक्रेटरी मी. महागडं घेतलं असतं तर "यात सेक्रेटरीला किती मिळाले?" हे ऐकावं लागलं असतं. हे काम मी बिनपगारी करतो.

म्हणून ४६,००० वाल्या फॅब्रिकेटरला काम दिलं आणि ३०,००० यूपीआयने आगाऊ दिले. शिडी आली त्या दिवशी त्याने खिशातून चुंबक काढून पाइपला लावलं. चिकटलं नाही. "बघा साहेब, प्युअर ३०४." मग चुंबक माझ्याच हातात दिलं. मी चार पायऱ्यांना लावून पाहिलं आणि उरलेले १६,००० रोख मोजून दिले. अहो, २०२ या हलक्या स्टेनलेस ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही! त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून ते स्वस्त, आणि खाऱ्या हवेत गंजतंही लवकर. टेस्टिंगच्या औषधाचा थेंब टाकला असता तर रंगावरून तिथेच कळलं असतं. पाइपवरचा ग्रेडचा छाप कुठे आहे, हे मी विचारलं होतं. "पॉलिशमध्ये गेला," म्हणाला. तिथेच त्याला थांबवायला हवं होतं. रात्री झोपताना अजून तेच वाक्य ऐकू येतं.

एका पावसाळ्यात वेल्डिंगभोवती चहा सांडल्यासारखे डाग पडले. टाकी धुणारा मुलगा चढत असताना तिसऱ्या पायरीचा टाका सुटला. कठड्याला धरलं म्हणून वाचला. भिंतीत अँकर बोल्टऐवजी प्लास्टिकचे गिट्टे आणि साधे स्क्रू निघाले. शिडी टाकीच्या काठापाशीच संपते. ती वर निदान एक मीटर हवी, नाहीतर उतरताना हाताला धरायला काहीच नसतं. हेही घेतानाच बघा.

पोलीस चौकीत तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा "साहेब राउंडला गेलेत". दुसऱ्यांदा अर्ज पुन्हा लिहायला लावला, कारण मी "फसवणूक" हा शब्द वापरला होता. तिसऱ्यांदा "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा". मुलगा खाली पडला असता तरी दिवाणीच म्हणाले असते का? दुसऱ्या कार्यालयात जीएसटी बिल मागितलं. ते कुठून आणू? १८ टक्के वाचवायला सभासदांनीच नको म्हटलं होतं. माझ्याकडे फक्त डिलिव्हरी चलन (माल पोचल्याची चिठ्ठी) आहे, त्यावर "एस. एस. शिडी, १ नग" एवढंच. ग्रेडचा आकडा लिहिलेलाच नाही. तो आकडा बिलावर लिहून घ्या, स्टील बनवणाऱ्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, थेंब टाकल्याशिवाय शेवटचा पैसा सोडू नका.

त्याचा फोन लागतो, उचलत नाही. शिडीला साखळी घालून कुलूप लावलंय आणि टाकी महिनाभर धुतलेली नाही.