शिध्याचा, गोळ्यांचा आणि चुकांचा हिशेब : फील्ड मार्शल स्लिम यांचं ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश-हिंदी फौज ब्रह्मदेशात जपान्यांशी लढली, त्या मोहिमेवर तिचे सेनापती स्लिम यांनीच लिहिलेलं हे पुस्तक १९५६ साली आलं. पाचशेहून जास्त पानं आहेत, पण इंग्रजी साधं आणि वाक्यं आटोपशीर. सैन्यात जाऊ पाहणाऱ्याने आणि हाताखाली पाचपन्नास माणसं असणाऱ्या कुणीही ते विकत घेऊन जवळ ठेवावं. युद्ध, कर्तव्य, वर्तणूक हे मोठे शब्द इथे रोजच्या कामाच्या हिशेबात उतरलेले दिसतात.

पहिला भाग १९४२ च्या माघारीचा. तो कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जपानी तुकड्या जंगलातून वळसा घालून पिछाडीला येत आणि रस्ता अडवत. ब्रिटिश आणि हिंदी पलटणी ट्रकांना, म्हणजेच रस्त्याला बांधलेल्या. मागचा रस्ता तुटला की पुढची फळी सोडावी लागे. यावर स्लिम यांनी ठरवलं ते असं : पिछाडीला शत्रू आला की आपण घेरले गेलो असं मानायचं नाही, तोच आपल्या कचाट्यात सापडला असं धरायचं आणि जागा सोडायची नाही. पण जागेवर टिकायचं तर दाणागोटा आणि दारूगोळा विमानातून पडायला हवा, आणि त्यासाठी हवीत ढिगाने पॅराशूट. रेशमी मिळेनात, तेव्हा कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना गाठलं. कापडाचं वजन आणि छत्रीचा आकार करून-बघून ठरवला आणि महिन्याभरात संपूर्ण तागाची पॅराशूट तयार झाली. कार्यक्षमता नेहमीच्या पॅराशूटच्या सुमारे ८५ टक्के; किंमत एका पौंडाच्या थोडी वर, रेशमी पॅराशूटला वीसच्या वर पौंड पडत. माणसं किंवा नाजूक सामान त्यातून टाकत नसत. एका डावपेचाचं यश असं थेट गोणपाटाच्या कापडाशी जोडून दाखवणारं युद्धाचं पुस्तक विरळाच.

दुसऱ्या भागातली आजारपणाची पानं तर दोनदा वाचावीत. १९४३ मध्ये एका जखमीमागे १२० आजारी जवान मागे पाठवावे लागत होते आणि मलेरियाचं वार्षिक प्रमाण एकूण संख्येच्या ८४ टक्क्यांवर होतं. पूर्वी रुग्ण शेकडो मैल मागे हिंदुस्थानात जाई आणि महिनोन्‌महिने परतत नसे. आता उपचार आघाडीच्या पाठीशी, काही मैलांवर सुरू झाले. जवान काही आठवड्यांत पलटणीत हजर. मलेरिया टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मेपाक्रिनच्या गोळीने पुरुषत्व जातं अशी कुजबुज होती, म्हणून जवान ती टाळत. स्लिम यांनी अख्ख्या पलटणींची अचानक तपासणी लावली. गोळी घेतलेले ९५ टक्क्यांहून कमी निघाले तर पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरलाच काढायचं. तिघांना काढावं लागलं, मग बाकीचे समजले. शिपायाने गोळी चुकवली याची शिक्षा शिपायाला नाही, साहेबाला! कर्तव्याची याहून नेमकी व्याख्या पुस्तकात दुसरी नाही. आघाडीची तुकडी अर्ध्या शिध्यावर आली की ते आपल्या मुख्यालयालाही अर्ध्या शिध्यावर ठेवत, हेही त्याच जातीचं.

मनोधैर्यावरचं विवेचन याच भागात आहे. त्याचे तीन पाये ते सांगतात : श्रद्धेचा, बुद्धीचा आणि साधनांचा. जवानांशी बोलायचं कसं, यावरचा सल्ला मात्र उलट्या बाजूने येतो. जेवण, पगार, रजा, टपाल यांवर जास्त बोला, मग शेवटी ध्येयाचं बोललात तर ते ऐकलं जातं. बोलणाऱ्याला विषय ठाऊक हवा आणि स्वतःचा त्यावर विश्वास हवा. वक्तृत्व लागत नाही.

स्वतःच्या चुका ते नाव घेऊन मांडतात. कोहिमावर जपानी फार तर एक रेजिमेंट पाठवतील असा त्यांचा अंदाज होता. आली अख्खी ३१ वी डिव्हिजन. ब्रह्मदेशातल्या टिड्डीमहून आपली १७ वी डिव्हिजन मागे घ्यायला उशीर झाला, तोही दोष ते आपल्याकडेच घेतात.

तरीही दोन गोष्टी खटकतात. जपानी शिपायाच्या चिवटपणाला दाद देताना ते त्याला लढणाऱ्या किड्याची उपमा देतात. शत्रूच्या धैर्याचा इतका बारीक अभ्यास करणाऱ्या माणसाच्या लेखणीतून ती यायला नको होती. दुसरी, मार्च १९४४ मधली मणिपुरातल्या सांगशाकची लढाई फार थोडक्यात उरकली आहे. ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर तिथे मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण, ४/५ मराठा, होती. त्या तुकड्यांनी टेकडीवर जपान्यांना रोखून धरलं, त्या दिवसांत इंफाळ-कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. मराठी वाचकाला त्यासाठी दुसरीकडे शोधावं लागेल.

वाचताना ब्रह्मदेशचा मोठा नकाशा शेजारी पसरून ठेवा. चिंदविन आणि इरावती या नद्या, टिड्डीम, कलेवा, मेक्टिला या जागांवर आधी पेन्सिलीने खुणा करा. शेवटच्या भागात स्लिम मंडालेवर चाल असल्याचा देखावा उभा करतात आणि मेक्टिलाचं रसद-केंद्र पकडतात. ही दोन ठिकाणं आणि मधली इरावती डोळ्यांसमोर नसेल तर त्या डावाची सारी गंमत निसटते.