मेन्स्ट्रुअल कपचा रिव्ह्यू, खास करून ज्यांना "लग्नाआधी नको" असं सांगितलंय त्यांच्यासाठी

आधी निकाल सांगते, कप (पाळीत पॅडऐवजी योनीत बसवायचा, रक्त साठवणारा छोटा मऊ कप) मस्त आहे, घ्या. मी काही वर्षं वापरतेय, दोन बाळंतपणं झालेली, दिवसभर उभं राहून काम करणारी बाई आहे आणि पॅडकडे परत जायचा विचारसुद्धा मनात येत नाही. ब्रँड मुद्दाम सांगत नाही कारण मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा कुठलाही नीट कंपनीचा कप असला की काम तेच करतो, आणि मला आज ज्यावर बोलायचंय ते बॉक्सच्या आतलं कमी आणि बाहेरचं जास्त आहे.

वापरायचं कसं ते थोडक्यात. पाळी सुरू व्हायच्या आधी पातेल्यात पाच-सात मिनिटं उकळायचा, पातेलं वेगळं ठेवा, घरात कटकट नको. हात स्वच्छ धुवायचे, उकिडवं बसायचं, कप इंग्रजी सी सारखा दुमडायचा नाहीतर कडेचा एक भाग आत दाबून टोकदार करायचा, आणि सरळ वर न घालता जरा पाठीच्या दिशेने सरकवायचा. आत गेला की उघडतो, बोट फिरवून बघायचं कुठे घडी राहिलीय का, घडी राहिली तर लीक होणार म्हणजे होणारच. काढताना दांडी धरून ओढायचा नाही, बूड चिमटीत दाबून आतली हवा सोडायची मग तो अलगद येतो. पहिल्या महिन्यात बाथरूममध्ये रडकुंडीला येतात बायका आणि तिथेच सोडून देतात, तसं करू नका, दोन-चार पाळ्या द्या त्याला. एकदा जमलं की बारा तासांपर्यंत बघावं लागत नाही, लघवीला जाताना काढावा लागत नाही, उन्हाळ्यात मांड्या घासून सोलवटत नाहीत, आणि रात्री कूस बदलताना उठून चादर तपासणं बंद होतं. फक्त ज्यांनी कॉपर टी बसवलीय त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्या, कप ओढताना ती सरकू शकते.

किंमत साधारण तीनशे ते पाचशे, पाच वर्षं तरी आरामात चालतो, हिशोब तुम्हीच करा. सुरक्षित आहे का म्हणाल तर २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, तीन हजारांवर बायका-मुली होत्या त्यात, इन्फेक्शनचा धोका वाढल्याचं दिसलं नाही आणि साधारण सत्तर टक्के जणींना पुढेही वापरायचा होता.

आता मुद्द्याचं. मी पहिला कप मेडिकलमधून घेतला, दुकानाचं नाव नको. काउंटरवरच्या माणसाने आधी विचारलं, "तुमच्यासाठीच ना, मॅरीड ना?" मी हो म्हटल्यावर कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून दिला. माझं वय विचारलं नाही, बाळंतपण झालंय का विचारलं नाही, खरं तर साईझ त्यावरून ठरते. विचारलं काय तर लग्न. माझ्या अनुभवात ऑनलाईन घ्यायला गेलं तरी खाली प्रश्नांमध्ये सगळ्यात आधी तोच प्रश्न असतो, अनमॅरीड मुली वापरू शकतात का.

आणि हा प्रश्न माझ्या घरात आलाच. माझी भाची कबड्डी खेळते, ज्युनिअर कॉलेजला आहे, पाळीत मॅच आली की पॅड सरकतं, ती रेड टाकायला जाताना निम्मं लक्ष शॉर्ट्सकडे. तिनेच मला विचारलं, माऊ मी कप वापरू का. मी ताईला फोन केला तर ताई एकदम गप्प झाली, मग म्हणाली, "तुझं ठीक आहे गं, तुझी पोरं झाली. तिचं लग्न व्हायचंय अजून. उद्या काही झालं म्हणजे?" मी म्हटलं काय होणार ताई, तर म्हणे "तुला कळतंय मी काय म्हणतेय ते." माझी ताई बीएस्सी झालीय, बँकेत आहे, मुलीला मॅचला स्वतः गाडीवर सोडते, तिच्यासाठी नातेवाईकांशी भांडते. तरी एवढ्या एका गोष्टीवर तिचा आवाज आजीसारखा झाला.

मग आम्ही दोघी एका बाई डॉक्टरांकडे गेलो, भाचीला घेऊनच, आणि त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. योनीपटल म्हणजे तोंडाशी बंद असलेला पडदा असतो हीच समजूत चुकीची, बंद असता तर पाळी आली कुठून असती, ती कडेची लवचिक घडी असते, प्रत्येकीची वेगळी, कुणाची जन्मतःच अगदी थोडी. कपाने ती ताणली जाऊ शकते, क्वचित जरा फाटूही शकते, हे त्यांनी लपवलं नाही आणि मीही लपवत नाही. पण ती बघून मुलीचा संबंध आलाय की नाही हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही, आणि पहिल्या रात्री रक्त यायलाच पाहिजे असंही काही नाही, कितीतरी जणींना येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हेच जाहीर सांगितलं की कौमार्य चाचणीला वैद्यकीय आधार काही नाही आणि ती बंद करा.

मग ताईच्या डोक्यात हे आलं कुठून? मला वाटतं आपल्याकडे पाळी ही कधी मुलीची स्वतःची गोष्ट नव्हतीच. आजी सांगायची, न्हाण आलं, म्हणजे पहिली पाळी आली, की मुलीला मखरात बसवायचे, ओटी भरायचे, बायका गाणी म्हणायच्या, गावभर कळायचं. वरून कौतुक, पण निरोप असा की मुलगी आता नवऱ्याकडे पाठवायला झाली. गर्भाधानाचा संस्कार, म्हणजे नवरा-बायकोच्या पहिल्या संबंधाचा विधी, त्याला जोडलेला, लग्न आधीच लहानपणी झालेलं. कलकत्त्यात १८८९ साली फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, त्यानंतर १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा आला आणि मुलीशी संबंध ठेवायचं किमान वय दहावरून बारा केलं, फक्त बारा, तरी पुण्यात केवढा गदारोळ झाला. आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरोधात, आणि विरोध करणाऱ्यांचं एक मोठं कारण हेच की गर्भाधान न्हाण आल्यावर लगेच व्हायला पाहिजे, सरकारने धर्मात पडू नये. म्हणजे पाळीचं रक्त आणि नवऱ्याचा हक्क यांची गाठ धर्मानेच मारून ठेवलेली. मखर गेलं, कायदा बदलला, लग्नाचं वय अठरा झालं, पण मेडिकलवाला अजून तेच विचारतो.

आणि हे फक्त जुनं नाही हो. आपल्याच महाराष्ट्रात कंजारभाट समाजात लग्नानंतर पांढऱ्या चादरीवरचे डाग बघून जातपंचायत नवरी "खरी" की नाही ठरवायची, त्याच समाजातल्या शिकलेल्या मुलामुलींनी २०१८ मध्ये उघड मोहीम काढली आणि त्यासाठी मार आणि बहिष्कार सोसला. त्यांचं मला फार मोठेपण वाटतं. बाकीच्यांनी नाक मुरडायचं कारण नाही, आमच्याकडे पंचायत बसत नाही एवढंच, चादरीची भीती आमच्याही आयांच्या पोटात आहे. डॉक्टरांच्या पुस्तकातही होतं हे, सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजीत खांडेकरांनी पाठपुरावा केला आणि २०१९ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने "कौमार्याची लक्षणं" हा भाग अभ्यासक्रमातून काढला. बलात्कार झालेल्या बाईची दोन बोटांची चाचणी (योनीत दोन बोटं घालून तपासणं) करणं म्हणजे गैरवर्तन हे सुप्रीम कोर्टाला २०२२ मध्ये पुन्हा बजावून सांगावं लागलं.

आपलाच धर्म असा आहे असंही नाही. अमेरिकेत लिओना चाल्मर्स यांनी कपचं पेटंट १९३७ मध्येच घेतलं होतं, पण आत घालायची वस्तू म्हटल्यावर तिथेही लोक बिचकले, टॅम्पॉन (पाळीत आत घालायचा कापसाचा बोळा) कुमारिकांनी वापरावा का यावर पाद्र्यांपासून डॉक्टरांपर्यंत वाद, शेवटी १९४५ मध्ये डॉ. रॉबर्ट डिकिन्सन यांनी तिथल्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये टॅम्पॉनच्या बाजूने लिहिलं. आणि आपल्याच देशात आसामच्या कामाख्येला देवीची पाळी म्हणून अंबुबाचीचा मेळा भरतो, लाखो लोक जातात, आणि त्याच देशात पाळीतल्या बाईला देवघराची पायरी चढू देत नाहीत. धर्मातसुद्धा निवडायला जागा असते, आपण काय निवडतो ते आपल्यावर आहे असं मला मनापासून वाटतं.

केरळवाल्यांनी बघा, अलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये पाच हजार कप फुकट वाटले, कुंबळंगी गाव २०२२ मध्ये सॅनिटरी नॅपकिनमुक्त जाहीर झालं. तिथे घरं नाहीत का, देवळं-चर्च-मशिदी नाहीत का, सगळं आहे. पण नुसता कप हातात देऊन मोकळे झाले नाहीत, आधी बायकांना बसवून समजावलं. आपल्याकडे शाळेत पॅडचं मशीन येतं (बऱ्याचदा बंद) आणि माहितीच्या तासाला मुलांना मैदानावर पाठवतात.

खोट काय ते पण सांगते. पब्लिक टॉयलेटमध्ये आत नळ नसेल तर कप धुणं अवघड, बाटली जवळ ठेवा. एसटी स्टँडवर तर बदलूच नका, घरून रिकामा करून निघा. बॉक्समधली माहिती इंग्रजीत, चित्रं एवढीशी, आणि कुमारी मुलींबद्दल चकार शब्द नाही. कंपन्यांनी हे टाळलंय, मराठीत स्पष्ट दोन ओळी छापायला काय जातंय? मी एक स्टार त्याचाच कापतेय. ज्यांना आत काही घालायची भीती वाटते किंवा दुखतं त्यांनी जबरदस्ती करू नका, पॅड वापरण्यात काही कमीपणा नाही, आपलं शरीर आहे.

ताईचं सांगायचं राहिलं. ती डॉक्टरांकडून निघताना काही बोलली नाही. मग आठवड्याने स्वतःच फोन करून विचारलं, लहान साईझ कुठली गं. अजून ती नणंदेपासून लपवून ठेवते, पातेलं माळ्यावर ठेवलंय, पण भाची आता कप लावून खेळते.

नवीन मुलींनो, सगळ्यात लहान आणि मऊ कप घ्या, पहिल्यांदा पाळीच्या जास्त जाणाऱ्या दिवशी घरी असताना ट्राय करा, घाई असेल तेव्हा नाही. नाही जमलं तर काढून ठेवा आणि पुढच्या महिन्यात परत बघा. साईझबद्दल काही विचारायचं असेल तर खाली विचारा, लाजू नका.