तीन पॉवर अ‍ॅम्प, एकच स्पीकर : उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

आधी सेटअप सांगतो, म्हणजे मी कशाच्या जोरावर बोलतोय ते कळेल. पुण्यातला फ्लॅट, नेहमीच्या साइजचा हॉल, एका बाजूला बाल्कनीची स्लायडिंग आणि तिच्यावर मुद्दाम जाड पडदा. स्पीकर हार्बेथचे कॉम्पॅक्ट ७, म्हणजे ८६ डीबी (दिलेल्या ताकदीला किती मोठा वाजतो त्याचा आकडा, कमी असेल तर अ‍ॅम्पला जास्त जोर लावावा लागतो) आणि सहा ओहम. डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा, आरएमईचा एडीआय-२. मधे आवाज कमी-जास्त करणारा प्रीअ‍ॅम्प ठेवलेलाच नाही, डॅकच्या व्हॉल्यूमवरून थेट स्पीकर हलवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्पला. अ‍ॅम्प तीन : पास लॅब्जचा एक्सए२५ माझ्याकडे आधीपासून होता, बेंचमार्कचा एएचबी२ सेकंडहँड घेतला आणि एनएडीचा सी २९८ मित्राचा, त्याच्या घराचं रिनोव्हेशन निघाल्यामुळे माझ्याकडे मुक्कामाला आलेला.

योगायोग असा की तिघांच्या पोटातलं सर्किट अगदी वेगवेगळ्या घराण्याचं आहे. एक्सए२५ हा नेल्सन पास यांच्या कंपनीचा, कॅलिफोर्नियातल्या ऑबर्नचा, शुद्ध क्लास ए, म्हणजे गाणं चालू असो नसो, आउटपुटच्या ट्रान्झिस्टरमधून करंट वाहतच असतो. भिंतीतून २४० वॅट खातो आणि आठ ओहमला चॅनेलमागे २५ वॅट देतो. (हा २५ आकडा क्लास ए मधला, गरज पडली तर क्लिप व्हायच्या, म्हणजे आवाज फाटायच्या, आधी तो बराच वर जातो.) एएचबी२ न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा, १०० वॅट, वजन सहा किलोच्या आतच. त्याच्यात सिग्नलप्रमाणे सप्लायचे व्होल्टेज वर-खाली होतात आणि आउटपुटची चूक दुरुस्त करणारं वेगळं सर्किट असतं. सी २९८ क्लास डी, म्हणजे आउटपुटचे ट्रान्झिस्टर भराभर चालू-बंद होत राहतात, आत प्युरिफाय कंपनीचं आयगेनटाक्ट मॉड्यूल, १८५ वॅट. क्लास डी म्हटलं की नाक मुरडणारे अजून भेटतात, पण त्यांच्या डोक्यात जुने डिझाइन असतात ज्यांच्यात आउटपुटचा फिल्टर फीडबॅकच्या (आउटपुट परत तपासून चूक सुधारणाऱ्या फेऱ्याच्या) बाहेर असायचा, त्यामुळे स्पीकर बदलला की वरचे स्वर कमी-जास्त व्हायचे. ब्रुनो पुट्झेस या माणसाने फिलिप्समध्ये असतानाच तो फिल्टर फीडबॅकच्या आत घेतला, आणि प्युरिफाय त्याचीच पुढची पिढी.

आता मुद्द्याचं. अ‍ॅम्प बदलून ऐकताना लोक एक गोष्ट हमखास टाळतात, ती म्हणजे लेव्हल जुळवणं, सगळे अ‍ॅम्प सारख्याच मोठ्याने वाजतील असं बघणं. माझ्या केसमध्ये हिशोब बघा. सिग्नलच्या वायरी दोन जातीच्या, साधी आरसीए आणि तीन पिनांची एक्सएलआर. एक्सए२५ ला फक्त आरसीए इनपुट आहे, एएचबी२ ला फक्त एक्सएलआर. आरएमईच्या आरसीएमधून एक्सएलआरपेक्षा सहा डीबी कमी सिग्नल निघतो. एक्सए२५ चा गेन, म्हणजे तो सिग्नल किती वाढवतो ते, २० डीबी, एएचबी२ चा मागच्या स्विचवर 'मिड' ठेवलं तर १७ आणि 'लो' ठेवलं तर ९.२. म्हणजे डॅकचा व्हॉल्यूम न हलवता वायरी बदलल्या तर एएचबी२ मिडवर तीन डीबीने मोठा वाजतो आणि मागचा स्विच 'लो' वर केला तर जवळपास पाच डीबीने लहान. तीन डीबीचा फरक कानाला "आवाज मोठा झाला" असा वाटतच नाही हो, तो "स्टेज उघडला", "गळा मोकळा झाला" असाच वाटतो. एकच अ‍ॅम्प, एका स्विचवर जिवंत आणि दुसऱ्या स्विचवर मरगळलेला. यूट्यूबवरचे किती रिव्ह्यू या एका स्विचवर उभे असतील देव जाणे.

म्हणून मी १०० हर्ट्झचा टोन लावून, स्पीकर जोडलेला ठेवून, त्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरून व्होल्टेज जुळवले. साधे मीटर पन्नास-साठ हर्ट्झसाठी बनलेले असतात, एक किलोहर्ट्झवर काहीही दाखवतात, म्हणून टोन खालचा घ्यायचा. व्होल्टेजमध्ये एक टक्का इकडे-तिकडे म्हणजे साधारण ०.१ डीबी, एवढं जुळलं की पुरे. वायर बदलताना अ‍ॅम्प बंद, हा नियम. वायरी न काढता अ‍ॅम्प बदलायला स्विच बॉक्स घ्यायचा विचार असेल तर कॉमन ग्राउंडवाला घेऊ नका, ब्रिज्ड आउटपुट असलेल्या (म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरींत सिग्नल असलेल्या) अ‍ॅम्पला तो झेपत नाही.

मीटर हातात आहेच तर रोज ऐकतो त्या व्हॉल्यूमला टर्मिनलवर काय येतं तेही बघितलं. गाणं चालू असताना काटा पाऊण ते दीड व्होल्टमध्ये नाचत होता. सहा ओहमला याचे वॅट काढा, पाव वॅटच्या आसपास येतात. पाव! त्याच्यावर वीस डीबीची उसळी धरली, म्हणजे तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्राचा एकदम आलेला कल्लोळ, तर शंभर पट, २५ वॅट. म्हणजे माझ्या खोलीत, माझ्या कानांना, तिघांपैकी कोणीच दमत नाही. स्पीकर ८३ डीबीचे असते, हॉल दुप्पट असता, शेजारी नसते, तर गोष्ट वेगळी झाली असती.

ऐकलं काय? मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताईंचा भूप, कुमारजींची जुनी रेकॉर्डिंग, थोडी पाश्चात्त्य सिम्फनी, आणि पखवाज सोलो. लेव्हल जुळवल्यावर एएचबी२ आणि सी २९८ मला वेगळे काढता आले नाहीत. हिला आणि भाच्याला वायरी बदलायला बसवलं, अ‍ॅम्पवर चादर टाकली, आणि मी मख्खासारखा अंदाज सांगत होतो, नाण्याने छापाकाटा करून सांगितले असते तरी तेच झालं असतं. एक्सए२५ चं थोडं निराळं. तंबोऱ्याच्या जवारीतून वरचे स्वर उमलून येतात ना, खर्जाची तार छेडल्यावर पहिला टणत्कार जातो आणि मागून गांधार हळूच दिसायला लागतो, ती जागा एक्सए२५ वर जरा भरलेली वाटायची. कधी ओळखली, कधी नाही ओळखली. पैज लाव म्हणालात तर शंभर रुपयांची लावेन, हजाराची नाही.

आणि उलट बाजूने सांगतो, पाहुणे आल्यावर स्पीकर वीतभर मागे सरकवले गेले होते तेव्हा डग्ग्याचा घुमारा असा काही सुजला की तो फरक हिला स्वयंपाकघरातून कळला.

मग फरक कशात आहे तर सोबत राहण्यात. एप्रिलमध्ये चाळीसच्या घरात पारा असताना हॉलमध्ये २४० वॅटचा हीटर लावून बसायला छाती लागते. एक्सए२५ चे हीटसिंक तासाभरात इस्त्री नुकतीच बंद केल्यासारखे होतात, आणि ती उष्णता एसीने परत बाहेर फेकायची, म्हणजे बिल दोन्हीकडून. रोज चार तास ऐकलं तर नुसत्या अ‍ॅम्पचं महिन्याला २९ युनिट. मे महिन्यात मी त्याला हातच लावला नाही. एएचबी२ दिवसभर चालू राहिला तरी कोमट. शांततेतही तोच पुढे, लो गेनवर ट्वीटरला (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला) कान लावून बसलो तरी काही म्हणजे काही ऐकू येत नाही. रात्री अकरानंतर कमी आवाजात आलाप ऐकणाऱ्याला याची किंमत कळेल. सी २९८ ची माझ्या दृष्टीने मोठी सोय म्हणजे त्याला आरसीए आणि एक्सएलआर दोन्ही आहेत आणि लेव्हल कमी-जास्त करायची व्यवस्था पाठीमागेच, त्यामुळे जुना प्रीअ‍ॅम्प असलेल्यांना वायरींची शोधाशोध नाही.

हमचं म्हणाल तर आरसीएवर बारीक गुणगुण यायची, पण तो दोष अ‍ॅम्पचा नव्हता. टीव्हीच्या डिशची कोअ‍ॅक्स केबल गच्चीवरून वेगळी अर्थ घेऊन येत होती, ती काढली की हम गायब. बिल्डिंगच्या वायरमनला न्यूट्रल-अर्थमध्ये किती व्होल्ट आहे ते मोजायला सांगितलं तर त्याने "चालतंय की सगळं" म्हणून टेस्टर खिशात टाकला, शेवटी बाहेरचा माणूस बोलवून अर्थिंग नीट करून घेतलं. लाखाचा अ‍ॅम्प घेण्याआधी हे हजार-दोन हजारांचं काम करा, खरंच.

कोणी विचारतंच, मग घेऊ काय? स्पीकर अवघड असतील, हॉल मोठा असेल तर सी २९८, पैसे वाचतील आणि ताकद कमी पडणार नाही. डॅकला एक्सएलआर असेल आणि जागा कमी असेल तर एएचबी२. एक्सए२५ ज्याला घ्यायचाय त्याने मोजमापं न विचारता घ्यावा, सेकंडहँड घेणार असाल तर मात्र मागच्या प्लेटवर तो १२० व्होल्टचा आहे की २३० चा ते बघूनच पैसे द्या, परदेशातून सामानात आलेले बरेच फिरत असतात. माझ्याकडे सध्या एएचबी२ लागलेला आहे, सी २९८ मालकाकडे परत गेला, आणि एक्सए२५ विकायला काढतो काढतो म्हणत थंडी येऊन ठेपलीय, तेव्हा आता फेब्रुवारीनंतर बघू.