डाकीण प्रथेवर संशोधन: पोलिसांचे आकडे की गावातल्या मुलाखती?

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या डाकीण प्रथेवर, म्हणजे बाईला चेटकीण ठरवून छळण्याच्या प्रथेवर, प्रबंध लिहायचा तर वाटा दोन. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या पोलिसांकडच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, आकडे घरबसल्या मिळतात, वर्षावर्षांची तुलनाही होते. पण त्यात जादूटोणा दिसतो तो मुख्यतः खुनाचं कारण म्हणून. बाईला पाणवठ्यावर येऊ न देणं, तिची जमीन बळकावणं, तिला गाव सोडायला लावणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतरही तक्रार झाली तरच कागदावर येतं. आणि तक्रार करणार कोण, सगळं गाव विरोधात असताना?

मुलाखतींना वेळ लागतो, पावरी-भिली या तिथल्या बोली जाणणारी सोबतीण लागते. बोलणाऱ्या बाईचं नाव-गाव झाकण्याची जबाबदारीही आपलीच; तिला तिथंच राहायचं असतं. तरी मी मुलाखतीच निवडेन. आकडे पहिल्या प्रकरणापुरते पुरेत.