कूलरच्या जाहिरातीखालची ती गर्दी खोटी होती

नवतपा लागायच्या आठवडाभर आधी आमचा जुना कूलर बंद पडला. बाहेर 45 डिग्री आणि घरात ऐंशीच्या पुढच्या सासूबाई. त्याच रात्री फेसबुकवर जाहिरात दिसली: मोठा डेझर्ट कूलर 3,499 रुपयांत, दुकान नागपुरात सीताबर्डी मेन रोड, घरपोच. बाजारात तसा कूलर दुपटीहून महाग आहे, हे मला माहीत होतं. तरी पैसे पाठवले, कारण खाली दोनशेच्या वर कमेंट होत्या आणि सगळ्या चांगल्या. विकणाऱ्याला मी ओळखत नव्हते. मी भरवसा ठेवला तो त्या दोनशे माणसांवर.

सकाळी 'टेम्पोभाडं, नंतर परत मिळेल' म्हणून आणखी 1,800 गेले. मग फोन बंद. बर्डीवर जाऊन पाहिलं, दिलेल्या पत्त्यावर तसं दुकानच नाही.

तिसऱ्या दिवशी भाचा आला. त्याने त्या कमेंट मला एकेक करून वाचायला लावल्या. म्हणाला, "मावशी, कूलरले कापड असते काय?" एकीने लिहिलं होतं, 'कापड मऊ आहे, फिटिंग परफेक्ट.' दुसरीने, 'माझी कूलर वेळेवर आला.' त्या रात्री मी कमेंटचा आकडा पाहिला होता, कमेंट वाचल्या नव्हत्या. कॉम्प्युटरवर कमेंटच्या वेळेवर माउस नेला की नेमकी तारीख आणि वेळ दिसते. बहुतेक सगळ्या कमेंट एकाच पहाटे, तीनच्या सुमारास, दहा-बारा मिनिटांत पडल्या होत्या.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दोनशे कमेंटमध्ये एकही प्रश्न नव्हता. नागपूरचा माणूस कूलर घेताना ताट्या, म्हणजे पाणी झिरपायच्या बाजूच्या जाळ्या, वाळ्याच्या आहेत की हनीकॉम्बच्या, टाकी किती लिटरची, मानेवाड्याला पाठवता का, भाव कमी होईल का, हे विचारल्याशिवाय राहतच नाही. एखादा तरी 'पंप आठ दिवसांत जळला' म्हणून भांडतोच. इथे कोणी विचारत नव्हतं, कोणी भांडत नव्हतं.

मग त्यातल्या दोघींना मी मेसेंजरवर विचारलं, "ताई, ताट्या दरवर्षी बदलाव्या लागतात का?" रात्रीचे दोन वाजले होते. दोघींकडून क्षणात उत्तर आलं, शब्दन् शब्द तेच: 'हो ताई प्रॉडक्ट एकदम बेस्ट आहे आजच ऑडर करा.' 'ऑर्डर'मधला रफार दोघींकडे गायब. पलीकडे बाई नव्हतीच, प्रोग्राम होता.

नुसता फुलाचा किंवा गणपतीचा फोटो दिसला म्हणून खातं खोटं ठरवू नका, आमचे निम्मे नातेवाईक तसाच फोटो लावतात. पण सगळे फोटो एकाच दिवशी टाकलेले, वाढदिवसाला एकाही ओळखीच्याची शुभेच्छा नाही आणि दिवसभर पन्नास पानांवर तीच स्तुती, असं सगळं एकत्र दिसलं तर थांबा. फोटो गूगल लेन्सवर टाकून पाहा. आम्ही पाहिला, तोच चेहरा तीन नावांनी निघाला. आणि फेसबुक पानाच्या माहितीत 'पेज ट्रान्सपरन्सी' उघडा. पान कधी सुरू झालं आणि आधी त्याची नावं काय होती, ते तिथे कळतं. हे पान आधी कुर्त्या विकत होतं. मऊ कापड तिथलं होतं.

मी खाली इशारा लिहिला, तो माझ्या मोबाइलवर दिसायचा, शेजारच्या काकूंच्या मोबाइलवर मात्र नाही. पानवाल्याने कमेंट लपवली की ती फक्त लिहिणाऱ्याला आणि तिच्या फ्रेंड लिस्टमधल्यांना दिसते. म्हणजे माझ्याआधी फसलेल्यांनीही लिहिलं असेल, मला ते कधी दिसलंच नसेल.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी तिसऱ्या दिवशी फोन केला. व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय क्रमांक मागितला, तक्रार नोंदवली, पण तोवर त्या खात्यातून पैसे पुढे गेले होते. समोरच्या खात्यात रक्कम असेपर्यंतच ती अडवता येते, म्हणून पहिल्या तासातच फोन करा. दुकान शोधायला बर्डीवर जाण्यात मी अख्खा एक दिवस घालवला, तो घालवू नका.

परवा त्या पानाचं नाव पुन्हा बदललंय, आता ताडपत्र्या विकतंय. कमेंट दीडशे झाल्यात.